गाडीखाली शिरण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सहलीत सेमाडोह येथे संध्याकाळच्या बैठकीत केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या सूचनेवरून लिहून दिले आहे. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘ज्येष्ठांचे मनोगत’ असं छापलं आहे. पण पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला माझ्यापेक्षा रंगवून बोलणारे इथे बसले आहेत. सिंकिंग फंड आणि थकबाकी यांवर मी दर आमसभेत बोलतोच, ते ऐकून तुमचे कान किटले असतील. म्हणून आज वेगळाच विषय घेतला आहे. घरच्या घरी गाडीचं ऑइल बदलायचं असेल तर त्याआधी काय तयारी करावी, हा तो विषय. हसा, हसा. बँकेतला माणूस आणि ऑइलच्या गोष्टी! पण कारण ऐका.

इथे येण्याच्या दोन दिवस आधी आपल्या पार्किंगमध्ये काय झालं, ते निम्म्या लोकांना माहीत आहे आणि निम्म्यांपासून लपवून ठेवलं आहे. ज्या पिकअपमधून आपली भांडी, सतरंज्या आणि गॅस सिलिंडर इथवर आले, तिचं ऑइल घरीच बदलायचं ठरलं होतं. आपलाच पोरगा, हुशार, हाताला काम येणारा. गाडीसोबत कंपनीने दिलेला जॅक लावून त्याने पुढची बाजू उचलली. जॅक होता पेव्हर ब्लॉकवर. ऑइल धरायला घमेलं नव्हतं म्हणून तो आईकडे जुनं पातेलं मागायला वर गेला. तेवढ्यात खालचा ब्लॉक दबला, जॅक कलला आणि गाडी खाली आली. आवाज एवढा झाला की दुसऱ्या मजल्यावर मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पोरगा त्या वेळी जिन्यात होता. आईने पातेलं लगेच हातात दिलं असतं तर तो कुठे असता, याचा हिशेब तुम्हीच करा. त्याची परवानगी घेऊनच मी हे सांगतो आहे. तो समोरच बसला आहे आणि मान खाली घालायचं त्याला काही कारण नाही. उलट ‘काका, सगळ्यांना सांगा’ असं तोच म्हणाला.

आता मला यातलं काय कळतं? १९८० च्या दशकात मी याच मेळघाटात, धारणीच्या बाजूला, शाखेत नोकरीला होतो. परतवाड्याहून धारणीला जायचं तर रस्ता हाच, घटांग, सेमाडोह, हरिसाल. ट्रकसाठी कर्ज दिलं की आम्हाला गाडीची प्रत्यक्ष तपासणी करावी लागे. तरुण मंडळींना ठाऊक नसेल, चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची आणि त्याचा छाप फाइलला लावायचा, अशी पद्धत होती. नंबर असतो चेसिसच्या पट्टीवर, चिखलाने माखलेला. मग साहेबांनी शर्टाच्या बाह्या सरसावायच्या आणि चाकाच्या मागून आत वाकायचं. नोकरीच्या काळात असे पुष्कळ छाप मी घेतले.

त्या ट्रकवाल्यांकडून एक गोष्ट शिकलो. सागाची लाकडं भरलेले टाटाचे १२१० मॉडेलचे ट्रक या रस्त्याने परतवाड्याच्या डेपोकडे जायचे. सेमाडोहला चहासाठी थांबले की ड्रायव्हर उतरायच्या आधी क्लीनर उडी मारायचा आणि पहिलं काम काय, तर चाकाखाली दगड. चहा, बिडी, सगळं नंतर. सपाट जागा असली तरी दगड. मी एकदा म्हटलं, अरे इथे तर उतार नाही. क्लीनर म्हणाला, ‘साहेब, उतार डोयाले दिसत नाही, चाकाले समजते.’ पोऱ्या फार तर सोळा वर्षांचा असेल.

हे घाट पाहून आला आहात तुम्ही आजच. सिपना नदी पाहिलीत. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता, हे सकाळी आपल्याला सांगितलंच. असो. मी गाडीकडे येतो.

घरी ऑइल बदलणं वाईट नाही. पैसे वाचतात, आणि कुठलं ऑइल आत गेलं ते आपल्या डोळ्यांना दिसतं. आपल्या सोसायटीत आता चार पिकअप आणि दोन छोटे हत्ती आहेत. संत्र्याचा हंगाम असो की लग्नसराई, गाडी दिवसभर रस्त्यावर असते आणि मालकाला वेळ मिळतो तो रात्री नऊनंतर. मग टॉर्च तोंडात धरून काम सुरू होतं. माझा आक्षेप कामाला नाही, तयारी न करता खाली शिरण्याला आहे.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा, गाडी उचलायची गरज आहे का? कारची गोष्ट वेगळी, ती जमिनीला चिकटलेली असते. पिकअप आणि ट्रक उंच असतात. बारीक अंगाचा माणूस बहुतेक पिकअपखाली चारही चाकं जमिनीवर असतानाच सरकू शकतो, आणि चेंबरच्या बोल्टला पाना लागतो. शिवाय गाडी तिरकी असली तर जुनं ऑइल पूर्ण उतरतही नाही, तळाशी राहून जातं. तेव्हा जॅक न लावता काम होत असेल तर जॅकला हातच लावू नका. माझ्यासारखं पोट सुटलेलं असेल तर ते काम पोराला द्या किंवा सरळ गॅरेजला जा. तिथे खड्डा असतो, रॅम्प असतो. त्यात कमीपणा नाही.

जागेचं आता ऐका, कारण आपल्या वऱ्हाडात ही बाब मोठी आहे. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, लोण्यासारखी मऊ होते. उन्हाळ्यात भेगा पडतात. वरून टणक दिसणाऱ्या मातीत जॅकचा पाय कसा जाईल याचा नेम नाही. डांबरावर म्हणाल, तर मे महिन्यात अमरावती-अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारी डांबर चपलेला चिकटतं. दीड टनाची गाडी जॅकच्या तळहाताएवढ्या पायावर उभी केली तर तो पाय डांबरात रुतणारच. पेव्हर ब्लॉकचं तर तुम्ही पाहिलंच. ते वाळूवर बसवलेले असतात, एकाच ब्लॉकवर सगळा भार आला की तो खाली जातो. आपल्या आवारात सिमेंटचा सपाट पट्टा एकच, पाण्याच्या टाकीशेजारचा. तिथेच काम करावं. तरीही जॅकखाली जाड लाकडी फळी किंवा लोखंडी पत्रा द्यावा, म्हणजे भार पसरतो.

दीड टन दीड टन मी म्हणतो आहे, पण ते डोळ्यांसमोर येत नाही. बोलेरो पिकअप रिकामी असली तरी दीड टनाच्या पुढे भरते. म्हणजे पंधरा क्विंटल. बाजार समितीत पंधरा क्विंटल सोयाबीनची थप्पी पाहिली आहे ना? ती छातीवर. आणि माल भरलेला असेल तर विचारूच नका. म्हणून आधी गाडी रिकामी करा. ‘चार क्रेट तर आहेत’ हे चालणार नाही.

आता हँडब्रेक. पुष्कळांचा समज असा की हँडब्रेक ओढला आणि गाडी गिअरमध्ये टाकली की ती खुंट्याला बांधलेल्या बैलासारखी उभी राहते. चारही चाकं जमिनीवर असतील तर बहुतांशी खरं आहे. एक चाक उचललं की हिशेब बदलतो. हे नीट समजून घ्या, कारण यातच माणसं फसतात.

पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. मागचा भाग उचलला तर तो हवेतल्या चाकांना धरून बसतो, जमिनीवरच्या पुढच्या चाकांना तो काहीच करत नाही. गिअरचंही तसंच. गिअर अडवतो तो इंजिनाकडून मागे जाणारा शाफ्ट. मागच्या धुऱ्याच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो त्यात डिफरन्शियल असतं. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावं म्हणून ते असतं. आता शाफ्ट अडवलेला आहे आणि एक मागचं चाक हवेत आहे, असं समजा. हवेतलं चाक उलटं फिरायला मोकळं, म्हणून जमिनीवरचं चाक सुलटं फिरायला मोकळं. गिअर असूनही गाडी चालू लागते! जुन्या जीपमध्ये हँडब्रेकही चाकांवर नसून शाफ्टवरच असायचा, तिथे गिअर आणि ब्रेक दोन्ही एकदम निकामी. त्या क्लीनरला डिफरन्शियल हा शब्द माहीत नव्हता, पण दगडाचं महत्त्व त्याला या सगळ्यासकट माहीत होतं.

तेव्हा जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा, पुढूनही आणि मागूनही. लाकडाचे तिरकस कापलेले गुटके चांगले, रबराचे बाजारात मिळतात तेही चांगले. गोल दगड नको, तो चाकासोबत लोळतो. आणि जॅक लावायच्या आधी गुटके, नंतर नव्हे. गिअर, हँडब्रेक हेही करायचंच. चढावाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पण भरवसा गुटक्यावर.

उचलायचीच असेल तर काय? परतवाड्याच्या एका मिस्त्रीचं वाक्य मला पाठ आहे. म्हातारा होता, दाढी पांढरी. ‘साहेब, जॅक गाडी उचलाले असते, धरून ठेवाले नाही. धरून ठेवाले घोडी लागते.’ घोडी म्हणजे लोखंडी स्टँड, तीन-चार पायांचा, ज्याची उंची खिळीने पक्की होते. तेलावर चालणारा बॉटल जॅक असेल तर आतलं रबर झिजलं की तेल हळूहळू मागे सरकतं आणि गाडी बोट-बोट खाली येते, आवाजही होत नाही. स्क्रूचा जॅक तसा उतरत नाही, पण तो कलतो. आपल्या बंडीला वंगण घालायचं असलं तर आपले आजे-पणजे काय करायचे आठवा. आधी बैल सोडायचे, धुऱ्याला टेकू द्यायचे, मग चाकाला हात. वंगणाचा डबा सगळ्यात शेवटी यायचा. आपण गाडी बदलली, टेकू तेवढा विसरलो.

घोड्या दोन लागतात, दोन्ही बाजूंना, सारख्या उंचीच्या. त्या धुऱ्याखाली किंवा चेसिसच्या जाड पट्टीखाली लावायच्या, पत्र्याखाली नाही, चेंबरखाली तर मुळीच नाही. नक्की जागा गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात जन्मभर प्लॅस्टिकमध्ये असते, तिला एकदा बाहेर काढा. घोडीवर किती टन ते लिहिलेलं असतं, तेही वाचा. गाडी घोड्यांवर पूर्ण उतरवायची, आणि खाली जायच्या आधी बाहेर उभं राहून दोन्ही हातांनी गाडीला चांगला हिसका द्यायचा. हलली तर ती आत्ताच हलू दे. शिवाय स्टेपनी आडवी करून चेसिसखाली सरकवून ठेवावी. सगळं फसलं तरी एका चाकाच्या जाडीएवढी जागा राहते.

विटा नको. कृपा करून विटा नको! बांधकामावरची वीट, सिमेंटची पोकळ ठोकळी, हे वरून भार सहन करताना दिसतात आणि एका क्षणात भुगा होतात. त्याआधी करकर आवाज करून इशाराही देत नाहीत. आपल्या टाकीमागे उरलेल्या विटांचा ढीग पडला आहे, तो सचिवांनी हलवावा अशी माझी लेखी विनंती समजावी.

किल्ली. किल्ली गाडीत ठेवायची नाही, खिशात घ्यायची. घरातलं कोणी ‘गाडी जरा पुढे घेऊ का’ म्हणून स्टार्टर मारतं, आणि खाली माणूस आहे हे त्याला दिसत नाही. स्टिअरिंगवर एक पाटी लटकवा, ‘खाली काम चालू’. पुठ्ठ्याची चालेल. आणि एकट्याने हे काम करू नका. वर एक माणूस हवा, मोबाइलमध्ये डोकं न घालता उभा राहणारा. रिळं पाहणारा नको. त्याचं काम एवढंच, की लेकरं आणि त्यांचा चेंडू गाडीपासून दूर ठेवायचा. आपल्या पोट्ट्यांच्या क्रिकेटचा चेंडू हमखास गाडीखालीच जातो आणि चेंडूमागे पोट्टं जातं.

इंजिन किती गरम हवं यावर प्रत्येकाचं मत असतं. अगदी थंड ऑइल घट्ट असतं, हळू उतरतं. म्हणून चार-पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, हे बरं. पण गाडी या घाटातून येऊन नुकतीच उभी राहिली असेल तर ऑइल उकळत्या पाण्याच्या आसपास तापलेलं असतं, आणि सायलेन्सर त्याहून तापलेला. अशा वेळी तासभर थांबा, जेवून घ्या. बोल्ट सुटतो तेव्हा धार सरळ खाली पडत नाही, आधी तिरकी येते, मनगटावरून कोपराकडे. लांब बाह्यांचा घट्ट सदरा, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. गळ्यात गमछा, ओढणी काही नको. घमेलं आधीच जागेवर ठेवा आणि ते गाडीत जेवढं ऑइल आहे त्याहून मोठं हवं. आकडा पुस्तिकेत मिळेल. पाना, नवा फिल्टर, बोल्टचा नवा वायसर, चिंध्या, टॉर्च, सगळं हाताशी घेऊन मगच खाली. पातेलं आणायला वर गेलेला पोरगा वाचला हे खरं, पण गाडी जॅकवर टांगून सामान शोधत फिरणं ही रीत नव्हे.

आता एक गोष्ट सांगतो, नाव-गाव न सांगता. आमच्या शाखेचा एक कर्जदार होता. ट्रक एकच, मालक तोच, ड्रायव्हर तोच. हप्ता कधी चुकला नाही. एका रविवारी घरासमोर जॅकवर गाडी उचलून तो खाली गेला. सोमवारी त्याचा भाऊ शाखेत आला. पुढे महिनाभराने त्याची बायको आली, पासबुक घेऊन. तिने मला विचारलं, ‘साहेब, गाडीले तं काई झालं नाही, मंग हप्ता भरा लागन का?’ गाडीला खरंच काही झालं नव्हतं. बंपरवर ओरखडासुद्धा नव्हता. पुढे ट्रक विकला गेला, कर्ज फिटलं, फाइल बंद झाली. कागदोपत्री सगळं नियमाप्रमाणे झालं. त्या बाईच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आज आठवत नाही, प्रश्न मात्र आठवतो. दोन घोड्यांची तेव्हाची किंमत त्याच्या एका हप्त्यापेक्षाही कमी होती.

आपल्या लोकांना यात घाई का होते, यावर माझं एक मत आहे. पटलं नाही तर सोडून द्या. खाली जायचं काम पाच मिनिटांचं असतं आणि तयारीला अर्धा तास लागतो. पाच मिनिटांसाठी अर्धा तास घालवणं माणसाला मूर्खपणाचं वाटतं. बँकेत रोज संध्याकाळी कॅश जुळवायला आम्हाला तास लागायचा, आणि बहुतेक दिवशी ती जुळायचीच. तरी कोणी म्हणालं नाही की आज राहू द्या.

जुन्या ऑइलबद्दल दोन शब्द, मग थांबतो. हे काळं ऑइल आपल्याकडे दाराच्या चौकटीला फासतात, वाळवी लागू नये म्हणून. कुंपणाच्या खांबाला फासतात. काही जण नालीत ओततात. हातांना रोज लागत राहिलं तर ते कातडीला वाईट, आणि सरकारी नियमांत त्याची गणना घातक कचऱ्यात होते. नालीत ओतलं तर ते कुठे जातं? आपल्या भागातलं पाणी नाल्याने पेढी नदीत, पेढी पूर्णेत, आणि पूर्णा चांगदेवजवळ तापीत. ही समोरची सिपनाही शेवटी तापीलाच मिळते. सकाळी ज्या पाण्यात तुम्ही पाय बुडवून बसलात ते आणि आपल्या पार्किंगमधलं ऑइल खाली कुठेतरी एकाच पात्रात जातं. तेव्हा ते झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. इथे जंगलात तर कोणी बोल्टला हातही लावायचा नाही. पिकअपच्या मालकाकडे बघून बोलतो आहे मी.

शेवटी एक ठराव. रौप्यमहोत्सवाच्या वर्गणीतून थोडी शिल्लक राहील असं खजिनदार खासगीत म्हणाले आहेत, आता ते जाहीर झालं. त्यातून तीन टनी घोड्यांची एक जोडी, चार गुटके, एक जाड फळी आणि ऑइलसाठी एक मोठं घमेलं घ्यावं. ते चौकीदाराच्या खोलीत राहील. वहीत सही करून न्यायचं, सही करून परत आणायचं. सहीचं काम मी बघतो, त्याची मला सवय आहे. अनुमोदन कोण देतं? … पिकअपवाले चौघेही हात वर करताहेत, छान. ठराव मंजूर झाला असं समजून मी बसतो, कारण भरीत झालं म्हणून तिकडून मघापासून खुणा चालू आहेत.